दंतकचा रस्ता
ही कमान म्हणजे भूतानची वेस. अलीकडे पश्चिम बंगालचं जयगाव, पलीकडे फुन्शोलिंग. भारतीयांना इथून आत जायला व्हिसा लागत नाही.

कमान मागे पडली की घाट सुरू. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला निघाले, तेव्हा हा रस्ताच नव्हता. सिक्कीमहून नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, कधी घोड्यावर, कधी याकवर बसून ते पारोला पोहोचले. शेजाऱ्याकडे जायचं, तेही तिसऱ्याच्या अंगणातून! पुढच्याच वर्षी ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि त्या वाटेचा भरवसा संपला.

१९६१ मध्ये सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प कामाला लागला. फुन्शोलिंग ते थिंफू, जवळपास पावणेदोनशे किलोमीटर. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. बघा, दरड आजही येते. डोझर मलबा ढकलतोय, मागे ट्रकांची रांग लागलीय. भूतानमधल्या कामांत दंतकची १,२०० हून अधिक माणसं गेली. करारांवर सह्या करणाऱ्यांचे फोटो सगळीकडे छापून येतात, यांचे नाही.

करारही झाले. १९४९ चा दार्जिलिंगचा. त्यात परराष्ट्र व्यवहारात भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावं असं कलम होतं. २००७ मध्ये ते गेलं. नवं कलम म्हणतं, आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध कुणालाही वापरू द्यायची नाही.

भूतानने हे आधीच करून दाखवलं होतं. दोचुला खिंडीतले हे १०८ स्तूप बंडखोरांविरुद्धच्या त्या मोहिमेच्या स्मरणार्थ उभे आहेत. डिसेंबर २००३. भूतानच्या दक्षिणेच्या जंगलात भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे तळ होते. ते उठवायला भूतानचे तेव्हाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः सैन्याबरोबर उतरले. सीमेच्या अलीकडून भारतीय लष्कराने वाटा रोखून धरल्या.

आणि हे ‘हा’ नावाचं खोरं. भूतानी सैनिकांना तयार करणारं भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक, इमट्रॅट, साठच्या दशकापासून इथे आहे.

इथून पश्चिमेला डोकलाम, भूतान आणि चीन दोघंही हक्क सांगतात ते पठार. तिथेही भांडण रस्त्याचंच. २०१७ मध्ये चीनने तो पुढे रेटायला घेतला, भारतीय जवान आडवे उभे राहिले, ७३ दिवसांनी दोघंही मागे सरले. भूतान आणि चीनची सीमाबोलणी १९८४ पासून चालू आहेत.