गढूळ पाणी फेकू नका

मित्रहो, बोलायच्या आधी एक काम उरकतो. या दोन पारदर्शक बाटल्या आहेत. दोन्हींत अर्धा अर्धा लिटर पावसाचं पाणी, आणि काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतली दोन दोन चमचे काळी माती. उजवीकडच्या बाटलीत चमचाभर मीठही आहे, बाकी काही फरक नाही. दोन्ही सारख्याच हलवून इथं टेबलावर ठेवतो.

मिश्रणातले पदार्थ वेगळे करणं हा धडा आपण सगळेच शिकवतो. वाळू, मीठ आणि पाणी. निवळा, गाळा, आटवा. कन्हानची जाड वाळू घेतली तर काही सेकंदांत तळाला बसते, पाणी स्वच्छ निघतं, मुलं वहीत आकृती काढतात आणि तास संपतो.

माझाही असाच संपायचा. एका वर्षी मी मुलांना सांगितलं, माती तुमच्या घरून आणा. एका मुलानं बापाच्या शेतातली काळीभोर माती आणली, पिशवी भरून. ती पाण्यात कालवली, नरसाळ्यात गाळणकागद लावला आणि ओतलं. पहिले काही थेंब पडले तेच चहाच्या रंगाचे. मग कागदाच्या आत चिखलाचा लेप बसला आणि थेंब पडायचेच थांबले. मी ते चंचुपात्र बेसिनमध्ये रिकामं केलं आणि कपाटातली धुतलेली वाळू काढून प्रयोग ‘नीट’ करून दाखवला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, ते पाणी फेकून काहून दिलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मला आजही बोचतो, कारण त्या दिवशी वर्गातली सगळ्यात खरी गोष्ट मीच बेसिनमध्ये ओतली होती.

आता ते पाणी गढूळ का राहिलं ते बघू. नेहमीच्या गाळणकागदात साधारण ११ मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडकतात. मातीचे अगदी बारीक, चिकण कण असतात २ मायक्रॉनच्या आतले, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान. हे कण कागदातून निसटतात. बरं, न गाळता नुसतं ठेवून दिलं तर? कण निम्म्या आकाराचा झाला की खाली बसायचा वेग चौथाईवर येतो. २ मायक्रॉनच्या कणाला फक्त १० सेंटीमीटर खाली यायला सुमारे ८ तास लागतात. त्याहून बारीक कणाला दिवस लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत काय होणार?

आणि आपली माती तर विशेष. विदर्भाच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे, मधे पाणी शिरलं की फुगतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा याच मातीच्या. या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात सुटे तरंगत राहतात.

तुरटीचं काम इथं सुरू होतं. तिच्यातल्या ॲल्युमिनियममुळे हा भार मोडतो, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि जड होऊन खाली बसतात. मुलांना हे अगदी जवळून पाहू द्या: तुरटीचा खडा दोन-चार वेढे फिरवला, की थोड्या वेळानं पाण्यात रव्यासारखे दाणे दिसू लागतात, आणि त्या दाण्यांच्या मधलं पाणी नितळ असतं. आपल्या आज्या माठाला आतून निवळीचं बी घासायच्या, तेही याच कामासाठी. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही आधी हीच पायरी, मग वाळूचा थर, मग क्लोरीन. नागपूरच्या मुलांना हे सांगायलाच हवं, कारण पाण्यावर काम करणारी नीरी ही संस्था त्यांच्याच गावात आहे. ती १९५८ साली दुसऱ्या नावानं सुरू झाली, १९७४ पासून ती नीरी.

एक गोष्ट मात्र ठासून सांगा. नितळ दिसणारं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. आणि वर्गातलं कुठलंही पाणी चाखायचं नाही, मीठ आहे का ते बघायलासुद्धा नाही. त्यासाठी गाळलेलं पाणी चिनीमातीच्या वाटीत आटवा. शेवटी मीठ तडतडून उडतं, म्हणून थोडं ओलं असतानाच ज्योत काढा. उरलेल्या उष्णतेवर ते वाळतं.

आता बाटल्या. हा प्रयोग मला त्याच मुलीमुळे सापडला. पुढच्या पावसाळ्यात तिनं आणि तिच्या गटानं एका बाटलीत मीठ घातलं, एकीत विसरल्या आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या. मिठाची बाटली आधी निवळली. मिठातले सोडियमचे आयन कणांमधली ती लोटालोट कमी करतात, मग कण एकत्र येतात. नदीचं गढूळ पाणी समुद्राला मिळतं तिथं गाळ बसायला हेही एक कारण असतं. म्हणजे आपण ज्याला निव्वळ ‘वेगळा करायचा पदार्थ’ म्हणतो, ते मीठच माती वेगळी करायला मदत करत होतं. हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं, कळलं त्या खिडकीत.

ज्यांना पाहायचंय त्यांनी पुढं या. उजव्या बाटलीत वरच्या बाजूला बघा, आणि मग डावीकडे. फक्त टेबलाला धक्का लावू नका.