पेशी बरोबर आल्या, पण लघवी तपासली का?

नमस्कार. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, गुरुजी, आणि आज कापसाची वेचणी सोडून आलेल्या सगळ्या आया, तुमचा दिवस बुडाला आहे हे मला माहीत आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

पाऊस सरला की आपल्याकडे लेकराच्या अंगावर लाल डाग दिसला रे दिसला की डेंग्यू, पेशी (रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स) तपासा. तपासाच. पण पेशी बरोबर आल्या की आपण रिपोर्टची घडी करून खिशात ठेवतो, आणि मला नेमकं त्याच लेकरांबद्दल बोलायचंय.

सात वर्षांचा एक पोरगा आला होता, सर्दी-खोकला होऊन दहा दिवस झालेले, नडग्यांवर आणि ढुंगणावर जांभळट डाग, हात फिरवला तर उंचवटा लागायचा. आजी म्हणाली, बिबा उतला असन. मी काचेचा गिलास डागावर दाबून पाहिला, डाग जसाच्या तसा, पित्त उठलं असतं तर फिका पडला असता. घोटे सुजलेले, पोटात मुरडा. सिकलसेलची टेस्ट आधीच झालेली, निगेटिव्ह. पेशी तीन लाख, म्हणजे बरोबर.

याला आता आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, जुनं नाव हेनॉख-शोनलाइन पर्पुरा. शोनलाइनने 1837 मध्ये डाग आणि सांधेदुखीची जोडी लिहून ठेवली, हेनॉखने 1874 मध्ये पोटाचं दुखणं त्यात जोडलं. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला सूज येते आणि त्या झिरपतात. संत्र्याच्या बागेत उंदराने ठिबकची नळी कुरतडली की मोटर कितीही चांगली असू द्या, पाणी बाहेर येतंच ना, तसं पेशी भरपूर असूनही रक्त कातडीखाली उतरतं. वरून गुठळी पक्की करणारा फॅक्टर तेरा काही लेकरांत कमी होतो, पोटाचा त्रास जास्त असेल तर विशेष.

किडनीच्या गाळणीतही अशाच बारीक वाहिन्या आहेत. तीनातल्या एका लेकराला तरी तिथे त्रास होतो, बहुतेकांना पहिल्या चार-सहा आठवड्यांत, आणि जवळजवळ सगळ्यांना सहा महिन्यांच्या आत. त्या पोराचे डाग तीन आठवड्यांत गेले, आईला वाटलं बरा झाला, आली नाही. तिसऱ्या महिन्यात आली तेव्हा पोराचे डोळे सुजून बारीक झालेले, लघवीला साबणासारखा फेस. चूक माझी होती, मी नुसतं परत या म्हटलं, कशासाठी ते सांगितलंच नाही. मजुरी बुडवून कोण येईल?

आता उलटी वाटेल अशी गोष्ट सांगतो. ज्या आजारात आधी रक्त झिरपतं त्यातच पुढे रक्त गोठायची भीती असते, कारण किडनीतून प्रोटीन खूप गळायला लागलं की रक्त गोठू न देणारं अँटीथ्रॉम्बिनही त्याच्यासोबत वाहून जातं. म्हणून सुजलेल्या लेकराचा एकच पाय अचानक जास्त सुजला, किंवा कुशीत दुखून लघवी लाल झाली, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच दाखवा, अंगातलं पाणी कमी झालं की गुठळी लवकर होते. आणि मेडिकलवरून अंगदुखीची कोणतीही गोळी आणून देऊ नका, काही गोळ्या किडनीला बाधतात.

पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू करून किडनी वाचते असं अभ्यासात दिसलेलं नाही, पोटदुखीला त्याचा उपयोग होतो तेवढाच. त्यामुळे लघवी आणि बीपी तपासत राहणं हेच आपल्या हातात आहे. बीपीला लहान पट्टा मागा, मोठ्या माणसाचा पट्टा लेकराला लावला तर बीपी कमी दिसतो. उपकेंद्रात गरोदर बाईची लघवी ज्या पट्टीवर तपासतात तीच पट्टी लेकराचं प्रोटीनही दाखवते, पिवळ्याची हिरवी झाली की समजा. रक्त आहे का ते मात्र पीएचसीच्या लॅबमध्ये पाहून घ्या.

त्या पोराच्या किडनीची बायोप्सी, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासणी, नागपूरला झाली, दीड वर्ष औषध चाललं, आता प्रोटीन जात नाही.

मघाशी एका आशाताईंनी विचारलं, लघवी कधीची आणायची? सकाळी उठल्या उठल्याची पहिली, धुऊन वाळवलेल्या बाटलीत, आणि ऊन चढायच्या आत पोचवा. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असे सहा महिने. डाग गेले तरी.