महादेवभाईंची ग्रंथसंपदा : येरवडा ते आगाखान पॅलेस

पुण्यात नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेसच्या आवारात दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. त्यांपैकी एक कस्तुरबांची. दुसरी महादेव देसाई यांची. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाल्यानंतर त्यांना येथे आणण्यात आले आणि अवघ्या सहाव्या दिवशी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, येथेच त्यांचे निधन झाले. ‘गांधीजींचे सचिव’ एवढ्याच ओळखीवर येथे येणारे बहुतेक लोक पुढे सरकतात. आपण मात्र त्यांच्या पुस्तकांपाशी थांबणार आहोत.

सुरत जिल्ह्यातील सरस या गावी १८९२ साली जन्मलेले महादेवभाई मुळात अनुवादक. रवींद्रनाथांचे ‘चित्रांगदा’ त्यांनी नरहरी परीख यांच्यासह गुजरातीत आणले. शरच्चंद्रांच्या बंगाली कथा, इंग्रज लेखक जॉन मोर्ले यांचा तडजोडीच्या मर्यादांची चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ आणि पुढे जवाहरलाल नेहरूंचे आत्मचरित्रही त्यांनी गुजराती वाचकांच्या हाती दिले. ललित, तात्त्विक आणि राजकीय अशा तिन्ही प्रकारच्या गद्यात हा हात सारख्याच सहजतेने फिरत होता.

जगाने वाचला तो त्यांचा उलट दिशेचा अनुवाद. गांधीजींची गुजराती आत्मकथा महादेवभाईंच्या इंग्रजीतून गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकामध्ये क्रमशः येत गेली आणि १९२७ व १९२९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली. बार्डोलीच्या शेतसाऱ्याच्या चौकशीच्या काळात ते तेथे गेलेले असल्याने पाचव्या भागातील काही प्रकरणे त्यांचे सहकारी प्यारेलाल यांनी अनुवादित केली, हे महादेवभाईंनी प्रस्तावनेत प्रकरणांच्या क्रमांकांसह नोंदवले आहे. १९४० च्या सुधारित आवृत्तीची भाषा एका आदरणीय मित्राने तपासली; मात्र आपले नाव उघड करायचे नाही, अशी त्याची अट होती. हा मित्र म्हणजे गोखल्यांनंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री. गांधीजींशी मतभेद असलेल्या या नेमस्त विद्वानाने त्यांच्याच आत्मकथेचे इंग्रजी तपासून द्यावे, ही गोष्ट आम्हांला त्या आवृत्तीइतकीच मोलाची वाटते.

महादेवभाईंची दैनंदिनी नोव्हेंबर १९१७ मध्ये सुरू होते. तिचा सर्वांत भरघोस भाग येथून जवळच असलेल्या येरवडा तुरुंगात, १९३२ साली लिहिला गेला. गांधीजी, वल्लभभाई आणि महादेवभाई एकत्र बंदिवासात होते. म्हणून पुणे कराराच्या आधीच्या उपोषणाचा ताण ज्या पानांवर उमटला, त्याच पानांच्या आगेमागे रद्दी कागदांची पाकिटे करणारे आणि उतारवयात संस्कृत शिकू लागलेले वल्लभभाई भेटतात. लिहिणारा मात्र स्वतःविषयी क्वचितच बोलतो. दुसऱ्याचे वाक्य त्याच्या वळणासकट टिपण्याची अनुवादकाची सवय येथे चरित्रलेखनाच्या कामी आली आहे, असे आम्हांला वाटते; कारण गांधीजींचे चिडणे, थट्टा करणे, मत बदलणे, सारेच त्यात आले आहे.

त्यांचा स्वतःचा स्वर ऐकायचा असेल, तर गांधीजींच्या ‘अनासक्तियोग’ या गीतेच्या गुजराती अनुवादाच्या इंग्रजी रूपांतराला त्यांनी जोडलेले दीर्घ विवेचन वाचावे. तेही तुरुंगातले लेखन, आणि त्याचे पुस्तक निघाले १९४६ मध्ये, ते गेल्यानंतर.

दैनंदिनी १४ ऑगस्ट १९४२ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, थांबते. पुढे नरहरी परीख यांनी तिचे संपादन हाती घेतले. १९५५ मध्ये गुजरातीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार ‘महादेवभाईनी डायरी’ला मिळाला, तेव्हा पानोपानी गांधीजींचे शब्द असलेल्या त्या ग्रंथाचे लेखक म्हणून नाव होते महादेव देसाई यांचे.