नऊ एकांचा वर्ग

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, आजची संख्या नुसती ऐकून पुरायची नाही. एकपासून नऊपर्यंत चढा आणि तसेच एकपर्यंत उतरा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक झाले. भास्कराचार्यांनी सांगितलेली स्थाने उजवीकडून मोजत गेलात, तर कोटी, अब्ज, खर्व, निखर्व मागे पडतात, जलधीही ओलांडला जातो आणि अगदी डावीकडचा १ ‘मध्य’ या स्थानी येऊन बसतो.

या संख्येच्या घराण्यावर जीव लावला तो आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाने. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. पुढे नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर गाजली, पण मला त्यांच्या ‘डेम्लो’ संख्या, म्हणजे आजच्यासारख्या चढत्या-उतरत्या संख्या, अधिक प्रिय आहेत. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो नावाचे स्टेशन होते. कल्पना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनचेच नाव या संख्यांना दिले.

आता पेन्सिल चालवू या. १११ ला १११ ने गुणा. तीन ओळी येतील, प्रत्येक ओळ वरच्यापेक्षा एक घर डावीकडे सरकलेली, चिऱ्याच्या पायऱ्यांसारखी. उभी बेरीज करा: पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन, एक. उत्तर १२३२१. हातचा कुठेच नाही! तसेच नऊ एकांना नऊ एकांनी गुणा. मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि आपली सतरा अंकी संख्या उभी राहते. म्हणजे ती १११११११११ चा वर्ग आहे. मुलांना हे उत्तर सांगू नका, ओळी मांडू द्या. पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत ती स्वतःच पुढचे उत्तर सांगू लागतात.

अजून एक गंमत. या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांना ९ ने निःशेष भाग जातो, भागाकार येतो १२३४५६७९, त्यात आठ नाही हे पाहा. मग वर्गाला ८१ ने भाग जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या म्हणजे कापरेकरांची ‘हर्षद’ संख्या. आणि मूळ अवयव? ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. एवढ्या मोठ्या संख्येचे एवढेच. विभाजक सारे मिळून ४५.

दहा एक घेतले तर? मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलट सारखेपणा गेला. अंकांची बेरीज ८२, ती सम, संख्या विषम. भाग जाणार कसा? म्हणजे ती हर्षदही राहिली नाही.