संध्याकाळची गोळी

अक्कलकोट रस्त्याकडचे एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे तपासणीला येतात. यकृत बदलून चार वर्षं झाली. शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी एका महिन्यात नऊ, तर पुढच्या महिन्यात तीन. मी विचारलं, "काका, गोळ्या चुकतात का?"

"नाही सर, एकबी नाही."

मागे उभ्या काकू काही बोलल्या नाहीत. पिशवीतून दोन डब्या काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. सकाळची रिकामी, संध्याकाळच्या डबीत अकरा कॅप्सूल तशाच. रातपाळीला निघताना भाकरीचा डबा आठवतो, गोळी राहते. आणि खरं सांगू, चार वर्षं अंगात काही दुखत नसताना मीही विसरलो असतो.

टॅक्रोलिमस सापडलं १९८४ मध्ये, जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत. १९८९ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी ते यकृताच्या रुग्णांना पहिल्यांदा दिलं. तेव्हापासून बारा-बारा तासांनी दोन वेळा घ्यायचं, असा शिरस्ता. हळूहळू विरघळणारी, दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल युरोपात २००७ मध्ये आली. औषध तेच, फक्त सोडण्याची चाल संथ.

मग फायदा काय? चाचण्यांमध्ये दोन्ही प्रकार जवळपास सारखेच उतरले. यकृत नाकारलं जाण्याचं प्रमाणही आणि जगण्याचंही. युरोपच्या यकृत प्रत्यारोपण नोंदवहीवरून २०१५ मध्ये आलेल्या अभ्यासात मात्र एकवेळच्या गोळीवाल्यांची यकृतं तीन वर्षांपर्यंत जास्त टिकलेली दिसली. पण तिथे कुणाला कोणती गोळी हे डॉक्टरांनी ठरवलेलं, चिठ्ठ्या टाकून नव्हे. म्हणून मी त्यावर फार उड्या मारत नाही. मला पटतं ते एवढंच, की जी गोळी हमखास चुकते तीच यातून वगळली जाते आणि पातळीचं वर-खाली होणं कमी होतं. वर्षानुवर्षं चालणारी ती उचकी यकृताला सोसत नाही.

उलटी बाजूही ऐका. एकवेळची गोळी चुकली, तर अख्खा दिवस कोरडा. शिवाय मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळणं, साखर आणि बीपी वाढणं हे सगळं आहेच. त्यात सूट नाही. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणलीत, तर मूत्रपिंडावर दुहेरी मार. टीबीचं रिफाम्पिसिन पातळी पार खाली आणतं, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल वर नेतं. पपनस टाळा. डाळिंबाचा प्रश्न सोलापुरात येणारच. रोज ग्लासभर रस सुरू करण्याआधी आम्हाला विचारा. आणि दुकानदाराने "हीच आहे, कंपनी वेगळी" म्हटलं, तरी दुसरी कंपनी परस्पर घेऊ नका.

काकांची गोळी आम्ही बदलली. पहाटे पाळीवरून आल्यावर, चहा-भाकरीच्या तासभर आधी, पाण्याबरोबर घ्यायची. पुढच्या तपासणीला ते वेळेवर आले. मी सुई लावणार, तोच अभिमानाने म्हणाले, "सर, आजची घेऊनच आलोय!" झालं, पातळी मोजायची ती गोळीच्या आधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, गोळी खिशात ठेवून.