सात नंबर, तोंडवळीच्या पुळणीवर

[ड्रोन. सकाळ. कॅमेरा उत्तरेकडे सरकतो.]

डावीकडे समुद्र, उजवीकडे कालावलची खाडी आणि मधे सुरूच्या बनाची ही चिंचोळी पट्टी. मालवणच्या उत्तरेला तळाशील, तोंडवळी. ओहोटी लागली की बनाखालच्या मऊ वाळूच्या पुढे घट्ट, ओली पुळण उघडी पडते. तिच्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढली जाते, अंडरआर्म क्रिकेटचे सामने रंगतात. आणि तिथी जमली, तर सकाळच्या दोन-अडीच तासांत हेही चालतं.

[पाठमोरी चार-पाच मुलं. हातात गोल्फचे क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या.]

गोल्फ म्हटलं की आपल्याला आठवते कापलेली हिरवळ, बॅटरीवरची गाडी आणि सभासदत्वाची फी. पण हा खेळ वाढला तो समुद्राकाठी, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, शेतीला कुचकामी अशा वाळूच्या टेकड्यांमध्ये. लोक तिरंदाजीचा सराव सोडून त्याच्या नादी लागले म्हणून १४५७ साली तिथल्या संसदेने त्यावर बंदीसुद्धा घातली. इंग्रजांबरोबर तो कलकत्त्याला आला. तिथला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब ही संस्था १८२९ सालची, ब्रिटिश बेटांबाहेरची सगळ्यात जुनी. कुंपणं त्यानंतरची.

[क्लोजअप. गोणपाट उघडतं. जुने क्लब, रबरी मुठीला चिकटपट्टी.]

या मुलांना शिकवणारे गृहस्थ याच गावचे. तरुणपणी मुंबईत कॅडी होते, साहेबांच्या पिशव्या वाहता वाहता खेळ शिकले. इथे त्यांना सगळे मास्तर म्हणतात. नियमाप्रमाणे खेळाडूला पिशवीत चौदा क्लब ठेवता येतात. मास्तरांच्या गोणपाटात त्याच्या निम्मेही नाहीत आणि नवशिक्याच्या हाती पडतो तो एकच, सात नंबरचा आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याचा क्लब. फार लांब नाही, फार आखूड नाही, चुकला तरी सांभाळून घेणारा. सराव संपला की क्लब विहिरीच्या पाण्याने धुऊन खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

[क्लोजअप. मुलीचे हात. मास्तर तिची बोटं एकेक करून लावतात.]

पहिला धडा चेंडूशिवाय. फक्त मूठ.

क्लबची दांडी डाव्या हाताच्या तळव्यात घ्यायची नाही. ती बोटांच्या मुळाशी तिरकी टेकते, वरून तळव्याची गादी बसते. खाली पाहिलं की डाव्या हाताचे दोन-तीन सांधे दिसले पाहिजेत. मग उजवा हात खाली येतो आणि त्याची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर बसते. ही पकड रूढ केली हॅरी व्हार्डन या खेळाडूने. १८९६ ते १९१४ या काळात त्याने सहा वेळा ब्रिटिश ओपन ही स्पर्धा जिंकली.

इथल्या पोरांची खरी अडचण क्रिकेटची आहे. नारळाच्या झावळीच्या देठाची बॅट घेऊन वाढलेला उजवा हात प्रत्येक फटक्यात पुढे घुसतो. मास्तर बोटांवर बोटं ठेवून पुन्हा पुन्हा एकच सांगतात.

[आवाज : "हात सैल सोड गो. मुरगाळतंस कित्याक?"]

[लांबून. सूर्य सुरूच्या शेंड्यांवर आला आहे. लांब सावल्या पाण्याकडे.]

आता उभं राहणं. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे किंचित सैल, वाक कमरेच्या सांध्यातून, पाठ सरळ, हात खांद्यांपासून मोकळे लोंबते. समुद्राकडे तोंड, पाठीवर ऊन, डावा खांदा दक्षिणेला सर्जेकोटच्या दिशेला. नेम तिकडे.

पाठीवर ऊन हवं, कारण सावली समोर पडते. मास्तर एक शिंपला उचलतात आणि मुलाच्या डोक्याच्या सावलीत ठेवतात. क्लब मागे नेताना, खाली आणताना शिंपला सावलीतच राहिला पाहिजे. बाहेर आला, म्हणजे डोकं सरकलं.

[आवाज : "टकला हलता तुझा. शिंपलो बघ."]

महागड्या अकादमीत हेच दाखवायला कॅमेरे लावतात. इथे सकाळी आठचं ऊन पुरतं.

[वरून. काठीने ओल्या पुळणीवर लांब रेघ ओढली जाते.]

आणि ही रेघ. या सगळ्या शिक्षणाचा जीव हिच्यात आहे.

चेंडू अजूनही नाही. रेघ दोन पायांच्या बरोबर मधे येईल असं उभं राहायचं आणि स्विंग करायचा, म्हणजे क्लब मागे नेऊन झोकात फिरवायचा. आधी अर्धाच, कमरेपासून कमरेपर्यंत. क्लब वाळूला लागतो, ओली पुळण उडते आणि ओरखडा उमटतो. तो रेघेच्या पुढे, नेमाच्या बाजूला सुरू झाला तर स्विंग बरोबर. मागे सुरू झाला तर क्लब आधी जमिनीला लागला, आणि तिथे चेंडू असता तर चार पावलं गडगडला असता.

[स्लो मोशन. तीन वेगवेगळे ओरखडे, जवळून.]

हा पहिला, रेघेच्या वीतभर मागे. वजन उजव्या पायावरच राहिलं. नवशिक्याला वाटतं, चेंडू वर जायला हवा म्हणून आपण त्याला खालून उचलायला हवं. पण उचलायचं काम क्लबच्या पात्याच्या तिरकेपणाचं आहे. आपण फक्त खाली उतरायचं.

हा दुसरा, रेघेवरच. आणि हा तिसरा पुढे, पातळ, दक्षिणेकडे सरळ. पुळण ही पाटी आहे. लिहिलेलं लगेच दिसतं आणि पुढची भरती ती कोरी करून देते. हिरवळीवर असे ओरखडे काढले तर माळी धावून येईल.

[आवाज : "बॉल खंय गेलो तो बघू नको. रेघ खंय मोडली ती बघ."]

[बाजूने. पूर्ण स्विंग, पुन्हा स्लो मोशन.]

मागे नेताना खांदे साधारण नव्वद अंशांत वळतात, कंबर त्याच्या निम्मी. डावा हात सरळ, पण ताठ नाही. खाली येताना क्रम उलटा होतो. आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर, मग छाती, हात, आणि सगळ्यात शेवटी क्लब. नवशिका नेमका खांद्यांनी सुरुवात करतो. क्लब बाहेरून आत कापत येतो, पात्याचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. स्लाइस म्हणतात तो हाच.

आता मुलं कशी उभी आहेत ते आठवा. नेम दक्षिणेला, उजवीकडे अरबी समुद्र.

[चेंडू वळतो. पाण्यात पडतो. मुलं ओरडतात. निवेदन नाही.]

चेंडू रबराचा आणि प्लॅस्टिकचा, पाण्यात विरघळत नाही. गेलेले काही सापडले, काही नाहीत. मास्तर आता पूर्ण स्विंगला खाडीकडे तोंड आणि नेम उत्तरेला करून उभं करतात, म्हणजे वाकडा चेंडू बनात जातो. मग ऊन डोळ्यांवर येतं. कासवांच्या विणीच्या दिवसांत रेघही भरतीच्या खुणेच्या खालीच.

[मुलगी. क्लब खांद्यामागे, छाती नेमाकडे, उजवी टाच वर. ती तशीच थांबते.]

फटक्यानंतर असं तोल सांभाळून उभं राहता आलं पाहिजे. जोर लावून मारणारा इथे दोन पावलं धडपडतो. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, क्लबशी त्याचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. तेवढ्यात जोर कुठे लावणार?

[रापणीची होडी किनाऱ्याला लागते. माणसं दोर धरायला येतात.]

वेळापत्रक समुद्राचं. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा दर्यावर्दींचा हिशेब मास्तरांनाही तोंडपाठ आहे. रापण आली की पुळण रापणकरांची, सराव बंद. मुलं क्लब गोणपाटात टाकतात आणि दोराला हात लावायला धावतात. ती मुलगी मात्र घुटमळते. तिला हवा ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारायचा क्लब.

[आवाज : "मास्तरांनू, ड्रायव्हर कधी देतलात?"]

[आवाज : "आधी ह्यो सात नंबर तुझा आयकांदे."]