चपळ कोणाला म्हणायचं?

नमस्कार मंडळी! सामन्यात कुणी जोरात धावलं की समालोचक लगेच म्हणतात, "काय चपळाई आहे!" मला हे दर वेळी खटकतं. सरळ रेषेत सुसाट धावणं हा वेग. शेवटच्या मिनिटापर्यंत टिकणं हा दम. चपळाई यांहून वेगळी: धावता धावता क्षणात थांबायचं आणि समोरच्याला कळायच्या आत भलतीकडेच वळायचं.

ती बघायची तर खो-खो बघा. मधल्या पाटीवर आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. या आक्रमकाने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, आणि मधली पाटी तर ओलांडताच येत नाही. पळणाऱ्याला दोन्हीची मोकळीक. त्यामुळे नुसत्या वेगाने गडी बाद होत नाही; खो देऊन दिशा बदलावी लागते.

आता पळणाऱ्याचे पाय बघा. गुडघे वाकलेले, पावलं आखूड, भार चवड्यांवर. खांदा उजवीकडे झुकवून तो हुलकावणी देतो, आणि आक्रमक फसला की उजव्याच पायाने जमीन रेटून डावीकडे निसटतो. लांब ढांग टाकली असती तर अंग पुढेच ओढलं गेलं असतं, वळताच आलं नसतं.

पण पायांइतकीच नजर महत्त्वाची. पुढचा खो कुणाला मिळणार, हे आधीच ओळखावं लागतं. म्हणूनच मुलांना नुसतं शंकूंभोवती पळवून चपळाई पुरती येत नाही, असं माझं ठाम मत आहे. शंकू कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. माणूस कुठे वळेल हे नसतं.

शब्दही बघा किती नेमका आहे. संस्कृतात 'चपल' म्हणजे अस्थिर, चंचल. विजेला 'चपला' म्हणतात. मराठीत मन चंचल झालं आणि शरीर चपळ.

१९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव अंगाने लहानखुरे होते, आणि आजही त्यांचं नाव चपळाईसाठी घेतात.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या आपल्या महाराष्ट्राच्या कर्णधारांनी पुरुष आणि महिला, दोन्ही चषक भारताला मिळवून दिले. ते सामने जरूर बघा, आणि चेंडूच्या खेळाची सवय असेल तर मुद्दाम पायांवर नजर ठेवा.